क्लोरीन टनरच्या व्हॉल्व्हपाशी गळती: पाणी मारावं का?

प्रश्न: जलशुद्धीकरण केंद्रात ९०० किलो क्लोरीनचे टनर (मोठे सिलिंडर) आहेत. एका व्हॉल्व्हपाशी वास येतो. गळती नेमकी कुठे ते कसं शोधायचं? वरून पाणी मारलं तर चालेल?

वॉटरवर्क्स_फिटर: पाणी अजिबात नको! ओल्या क्लोरीनचं आम्ल होतं, ते धातू खातं आणि भोक मोठं होतं. बाटलीतल्या अमोनिया द्रावणाची फक्त वाफ सांध्यापाशी न्या, गळती असेल तिथे पांढरा धूर उठेल. द्रावण पितळेला लावू नका. ग्लँडमधून (व्हॉल्व्हच्या दांड्याभोवतीच्या पॅकिंगमधून) असेल तर व्हॉल्व्ह बंद करून ग्लँड नट हलका आवळा. जोडणीतून असेल तर शिशाचा वॉशर बदला. जुना पुन्हा वापरायचा नाही.

सेफ्टी_नाशिक: त्याआधी श्वासाचं बघा. कॅनिस्टर मास्क (गाळणीचा डबा लावलेला) पुरेसा नाही, पाठीवर हवेचा सिलिंडर हवा. दोघं जा, वारा पाठीशी घेऊन. क्लोरीन हवेच्या सुमारे अडीचपट जड, खड्ड्यात साचतो.

केमिकल_दादा: टनरच्या अंगालाच भोक असेल तर तो फिरवून भोक वर आणा, म्हणजे द्रवाऐवजी वायू निघेल. द्रव सांडला तर त्याचा साडेचारशे पट वायू होतो. क्लोरीन शोषून घेणाऱ्या कुंडात क्लोरीनच्या किलोमागे सव्वा किलो कॉस्टिक सोडा हवा, म्हणजे भरलेल्या टनरला ११२५ किलो. वायू नळीने कुंडात सोडा, टनर बुडवू नका.