पोळ्या फ्रीमाँटला, काउंटर सनीव्हेलला: किमान वेतन कुठलं धरायचं?

पुरणयंत्र (डिसेंबर २०२४)

नमस्कार मंडळी. कॅलिफोर्नियाच्या बे एरियात आमचं पोळीभाजी आणि डब्यांचं छोटंसं काम आहे. स्वयंपाकघर फ्रीमाँटला, विक्रीचं काउंटर सनीव्हेलला, आम्ही नवराबायको सोडून सहा माणसं. १ जानेवारी २०२५ पासून कॅलिफोर्नियाचं किमान वेतन १६ डॉलरवरून १६.५० होणार, अशी पेरोलवाल्यांची ईमेल आली. आम्ही ताशी १७.५० देतो, म्हणून मी निवांत होते. परवा काउंटरवरची मुलगी हळूच म्हणाली, "काकू, सनीव्हेलला आत्ताच १८.५५ आहे." पोटात गोळा आला.

दुसरं म्हणजे आमच्या पोळ्यांच्या मावशी. त्यांना नगावर पैसे देतो, पोळीमागे ३५ सेंट. हात इतका चालतो की तासाला ५० कुठे गेल्या नाहीत. शनिवारी त्याच मावशी सनीव्हेलला काउंटरवर उभ्या राहतात. त्यांना काय लावायचं? आणि हे सगळं नीट बघणारा माणूस कुणाच्या माहितीत आहे का?

जर्सीचा_बाबू

टिप मिळते ना काउंटरवर? मग ती धरून हिशेब करा. आमच्याकडे टिपवाल्यांना ५.२६ रोख दिले तरी चालतं, बाकीचं टिपेतून भरून निघालं म्हणजे झालं.

कढीपत्ता

बाबूराव, ते न्यू जर्सीत. कॅलिफोर्नियात टिप वेगळी आणि पगार वेगळा, टिपेतला एक सेंटही किमान वेतनात धरता येत नाही. इकडचं ऐकून तिकडे आणि तिकडचं ऐकून इकडे, यातच निम्मे लोक फसतात.

पुरणयंत्रताई, राज्याचा आकडा म्हणजे तळ. शहराचा त्याहून जास्त असेल तर शहराचाच द्यायचा. आणि धंदा कुठे नोंदवलाय याला महत्त्व नाही, माणूस कुठे उभा राहून काम करतो ते बघायचं. सनीव्हेलच्या हद्दीत आठवड्यात दोन तास जरी काम झालं तरी त्या तासांना सनीव्हेलचा दर, म्हणजे १ जानेवारीपासून १९ डॉलर. फ्रीमाँटचा दर जुलैत बदलतो, जुलै २०२४ पासून १७.३०. म्हणजे तुम्हाला वर्षातून दोनदा कॅलेंडर बघायचंय.

एल कमिनोवरून गाडी काढली की जानेवारीत सँटा क्लाराला १८.२०, पुढे सनीव्हेलला १९, माउंटन व्ह्यूला १९.२०. रस्ता तोच, दुकानांच्या पाट्याही त्याच, फक्त दर बदलतो. तुमचा डबे पोचवणारा मुलगा कुठल्या शहरात किती तास असतो, तेही लिहून ठेवा.

आमचीही हीच चूक झाली होती. पेरोल सॉफ्टवेअरमध्ये पत्ता घातला होता नोंदणीचा, तोही सॅन होजेचा. सॉफ्टवेअरने इमानेइतबारे सॅन होजेचा दर लावला आणि आम्हीही इमानेइतबारे वर्षभर तो दिला, काम मात्र दुसऱ्या शहरात. फरक मोजून परत केला तेव्हा कुठे झोप लागली. सॉफ्टवेअरला माणसाची जागा कळत नाही, ती आपण भरायची.

शेवगा

एवढी कटकट कशाला? मावशींना १०९९ वर (कंत्राटदाराच्या कमाईचा कराचा फॉर्म) कंत्राटदार दाखवा, विषय संपला.

हिशेबनीस

शेवगाभाऊ, विषय तिथे संपत नाही, सुरू होतो. २०२० पासून इथे कंत्राटदार ठरवायच्या कसोट्या कडक आहेत. त्यातली एक अशी की माणसाचं काम तुमच्या नेहमीच्या धंद्याबाहेरचं हवं. पोळीभाजी केंद्रात पोळ्या लाटणं धंद्याबाहेरचं, हे कोणाला पटवणार?

मी वकील नाही, पण छोट्या धंद्यांचं पेरोल बरीच वर्षं बघतेय. ताई, तुमचा खरा घोटाळा नगाच्या हिशेबात आहे. ५० पोळ्या गुणिले ३५ सेंट म्हणजे १७.५०, फ्रीमाँटच्या १७.३० च्या वर, म्हणून सगळं ठीक वाटतं. पण कणीक भिजवताना, तवा तापेपर्यंत, शेवटी ओटा घासताना मावशी पोळी लाटत नसतात. त्या वेळेचे पैसे नगात धरलेत असं म्हणता येत नाही, ते किमान दराने वेगळे द्यायचे. दहा मिनिटांच्या विश्रांतीचेही वेगळे, आणि तेही त्यांच्या सरासरी ताशी कमाईने किंवा किमान वेतनाने, जे जास्त असेल त्याने. हा नियम २०१६ पासून आहे. वर पे स्टबवर, म्हणजे पगाराच्या पावतीवर, हे सगळं वेगळ्या ओळींत दिसायला हवं. सहा माणसांच्या धंद्यात हे कोण करत बसणार? नग बंद करा आणि ताशी द्या.

सनीव्हेलचा आधीचा फरक आत्ताच मोजून देऊन टाका. कामगाराने तक्रार केली तर फरक, त्यावर व्याज आणि फरकाएवढीच रक्कम आणखी, असं होऊ शकतं, आणि मागची तीन वर्षं तरी उकरली जातात. त्या मुलीचे आभार माना. "जास्त बोलते" म्हणून तिचे तास कमी केलेत तर ते वेगळंच प्रकरण होईल.

शहराचं किमान वेतनाचं नवं पत्रक छापून काउंटरमागे लावा, फ्रीजच्या आड नको. आणि कुणाला मॅनेजर म्हणून ठरावीक पगारावर ठेवलं असेल तर जानेवारीपासून ओव्हरटाइममधून सूट मिळायला वर्षाला किमान ६८,६४० हवेत. शिवाय काम खरंच मॅनेजरचं हवं, नुसतं नाव देऊन चालत नाही.

कढीपत्ता

नोव्हेंबरच्या मतदानात राज्याचा दर १८ करायचा प्रस्ताव पडला, म्हणून "वाढ रद्द झाली" असं बरेच जण सांगत फिरतायत. १६.५० ची वाढ महागाईच्या हिशेबाने झालेली, तिचा त्या मतदानाशी संबंध नाही.

माणूस विचारलात तर ज्याला शहरांचे नियम माहीत आहेत असाच बुककीपर बघा. पहिल्या फोनवर एकच विचारा: "माझी बाई शुक्रवारी फ्रीमाँटला, शनिवारी सनीव्हेलला. तिचा पे स्टब कसा कराल?" गोंधळला तर पुढचा.

पुरणयंत्र

सगळ्यांचे आभार. काल रात्री दोघं बसून वर्षभराचे तास काढले. मुलीला आणि मावशींना फरकाचे चेक या आठवड्यात देतोय. जानेवारीपासून दोन्हीकडे सरसकट १९, म्हणजे कोण कुठे होतं याची भानगड कमी. मावशी जोरात असल्या की नगावर २१ पर्यंत जायच्या, म्हणून त्यांना ताशी २१. डबा एक डॉलरने वाढवावा लागेल, गिऱ्हाइकांच्या शिव्या खायची तयारी ठेवलीय.

मावशींना सांगितलं तर म्हणाल्या, "पैसे तासाचे दे, पण पोळ्या मी मोजणारच. मोजल्याशिवाय माझं लाटणं चालत नाही."