डॉक्युमेंटेशनच्या डिपेंडन्सी पिन कराव्यात की मोकळ्या ठेवाव्यात?

संभाजीनगरकर (धागाकर्ता): जायकवाडीच्या पाणीसाठ्याच्या नोंदी वाचणाऱ्या आमच्या छोट्या पायथन पॅकेजचे डॉक्युमेंटेशन स्फिंक्स या साधनाने तयार होते. त्यासाठी लागणाऱ्या प्रत्येक पॅकेजची, म्हणजे डिपेंडन्सीची, नेमकी आवृत्ती स्वतंत्र फाइलमध्ये नोंदवलेली, म्हणजेच पिन केलेली असावी, असे माझे स्पष्ट मत आहे. एकट्या स्फिंक्सची आवृत्ती लिहून भागत नाही. मार्च २०२२ मध्ये, स्फिंक्स ज्यावर अवलंबून आहे त्या जिंजा या टेम्पलेट पॅकेजची ३.१ आवृत्ती आली आणि त्यातून ‘एन्व्हायर्नमेंटफिल्टर’ हे जुने फंक्शन वगळले गेले. तेव्हा जुने स्फिंक्स पिन करून निर्धास्त बसलेल्यांचे बिल्ड (डॉक्युमेंटेशनची पाने तयार करण्याची प्रक्रिया), त्यांनी स्वतःच्या कोडमधील एका ओळीलाही हात लावलेला नसताना, इम्पोर्ट एरर देऊन कोसळले, कारण त्या स्फिंक्सने जिंजाला वरची मर्यादाच घातलेली नव्हती.

नांदेडकर: सर, उदाहरण बिनतोड आहे, पण निष्कर्ष पटत नाही. पिन केलेली फाइल वर्षानुवर्षे कोणी उघडत नाही. पायथन ३.१३ मधून चित्राचा प्रकार ओळखणारे ‘आयएमजीएचडीआर’ मॉड्यूल गेले आणि ते वापरणारे जुने स्फिंक्स त्यावर चालेनासे झाले. तिथे तुमची काटेकोर यादीच आड येते. मोकळ्या आवृत्त्या ठेवल्या तर मोडतोड थोडीथोडी आणि वेळेवर कळते. सगळी उसनवारी एकदम फेडावी लागत नाही.

लातूरकर: आपण दोघेही बिल्ड सर्व्हरचा विचार करीत आहात, माझा मुद्दा योगदान देणाऱ्यांचा आहे. शुद्धलेखनाची एक चूक दुरुस्त करू पाहणाऱ्या विद्यार्थ्याला वसतिगृहात मोबाइल डेटावर पांडाज आणि नमपाय ही आकडेमोडीची पॅकेजेस उतरवून घ्यावी लागतात, केवळ ऑटोडॉक (कोडमधून माहिती काढून पाने बनवणारा स्फिंक्सचा भाग) मूळ पॅकेज इम्पोर्ट करते म्हणून. खऱ्या पॅकेजऐवजी नकली (मॉक) पॅकेज वापरणाऱ्या ‘ऑटोडॉक मॉक इम्पोर्ट्स’ या सेटिंगमध्ये ही नावे घातली, तर डॉक्युमेंटेशनची यादी हलकी होते. थेट लागणारी चार-पाच नावे हाताने लिहावीत आणि उरलेली नेमकी यादी पिप-कंपाइल या साधनाकडून तयार करून घ्यावी.

संभाजीनगरकर: पिप-कंपाइल मान्य आहे. पायथनची आवृत्तीही त्याच काटेकोरपणे नोंदवली पाहिजे, हा नांदेडकरांच्या उदाहरणाचा खरा अर्थ मी घेतो. मॉकबाबत मात्र सावध राहावे: आमचा एक वर्ग पांडाजच्या डेटाफ्रेमवरून बेतलेला आहे, आणि मूळ वर्गच नकली असेल तर त्याच्याकडून आलेल्या मेथड पानावर उमटत नाहीत. बिल्ड यशस्वी दिसते, पान अपुरे राहते. मला हे उघड एररपेक्षा वाईट वाटते.

नांदेडकर: मग पिन केलेले बिल्ड प्रकाशनासाठी ठेवा, परंतु आठवड्यातून एकदा मोकळ्या आवृत्त्यांवरही बिल्ड चालवा. ते पडले तर इश्यू (दुरुस्तीच्या कामाची नोंद) कोणाच्या नावावर जाईल, एवढे मात्र आधी ठरवा.

संभाजीनगरकर: माझ्या नावावर टाका.