पेशवेकालीन पत्रांतली 'गर्दी' म्हणजे नेमकं काय?

पत्रवाचक:
अठराव्या शतकातली छापील पत्रं वाचतोय. 'गर्दी' हा शब्द सारखा आडवा येतो: 'शहरात गर्दी जाली', 'गर्दीस मिळाले', शिवाय 'भाऊगर्दी'. माणसांची दाटी असा आजचा अर्थ घेतला तर वाक्य लागत नाही. गर्दी झाली म्हणून लोक गाव सोडून का पळतील? अर्थ ठरवायचा कसा? आणि गारद्यांशी या शब्दाचं काही नातं आहे का?

कोशवेडा:
दाटी हा अर्थ तूर्त बाजूला ठेवा. त्या काळच्या बातमीत गर्दी म्हणजे बहुतेक वेळा दंगा, लूट, कापाकापी. फारसीत 'गर्द' म्हणजे धूळ आणि 'गर्दीदन' म्हणजे फिरणं. 'गर्दीस मिळणे' हा प्रयोग आपल्या 'धुळीस मिळणे'चा सख्खा भाऊ. फौज गर्दीस मिळाली म्हणजे तिचा फडशा पडला. ती गर्दीत मिसळली असा अर्थ लावलात तर सगळी लढाईच उलटी वाचली जाईल.

तिसरा प्रकार जोडशब्दांचा. धुमाकूळ ज्यांनी घातला त्यांच्या नावाला 'गर्दी' जोडायची. 1753 साली सूरजमलच्या जाटांनी जुनी दिल्ली लुटली, ती 'जाटगर्दी'. मराठी फौजांच्या स्वाऱ्यांना तिकडे 'मरहट्टागर्दी' म्हणत, हेही आपण विसरू नये. हिंदीतली गुंडागर्दी याच घडणीची. आपली 'भाऊगर्दी' सदाशिवरावभाऊंशी आणि पानिपताशी जोडतात. आज एका जागेसाठी शंभर अर्ज आले की तोच शब्द आपण सहज वापरतो.

म्हणून आधी क्रियापद आणि विभक्ती बघा, मग शेजारचे शब्द. जवळपास लूट, जाळपोळ, पळापळ असेल तर शंकाच नको. खरोखरची दाटी सांगायची असेल तर 'दाटी' हा शब्द तेव्हाही होताच.

बखरप्रेमी:
गारदी वेगळा. तो युरोपीय 'गार्ड'च्या कुळातला. गारदी म्हणजे कवायती पायदळातला शिपाई. पानिपतावरचा इब्राहिमखान गारदी तो हाच. घोटाळा होतो इंग्रजी पुस्तकांमुळे, कारण रोमन लिपीत दोन्ही शब्द एकसारखेच दिसतात. तिथून मराठीत उतरवताना 'इब्राहिमखान गर्दी' असं छापलं जातं आणि चूक पुढे चालत राहते. 30 ऑगस्ट 1773 रोजी शनिवारवाड्यात नारायणरावांचा खून झाला, त्या प्रसंगाच्या वर्णनात तर दोन्ही शब्द शेजारी बसू शकतात: गारद्यांनी गर्दी केली. एक करणारा, दुसरी करणी.

मूळ मोडी वाचणार असाल तर आणखी जपा. शब्दांमध्ये जागा सोडलेली नसते, विरामचिन्हं नसतात, ऱ्हस्व-दीर्घ वेगळं दाखवत नाहीत. घाईच्या हातात काना निसटला की गारदीची गर्दी होते. अक्षरावर अडलात तर पुढचं क्रियापद वाचून मागे या.

पत्रवाचक:
'जमाव'चंही असंच काही आहे का? आणि मजकूर नेमक्या कोणत्या प्रसंगाचा, हे कसं ताडायचं?

कोशवेडा:
आहे, आणि मला ते फार लक्षणीय वाटतं. 'फौजेचा जमाव केला' म्हणजे फौज गोळा केली. शिस्तीचं, ठरवून केलेलं काम. आज बातमीत 'जमावाने गाडी पेटवली' असं येतं आणि 'सणानिमित्त बाजारात गर्दी'. दोन्ही शब्दांनी जागा बदलल्यात. 'वर्तमान'ही तसाच: पत्रात त्याचा अर्थ बातमी. वर्तमानपत्रात तो टिकून राहिला.

प्रसंग ताडायला तारीख सोडवा. नुसत्या 'छ'पुढे आकडा असेल तर तो मुसलमानी महिन्याचा चंद्र, म्हणजे तारीख. अरबी शब्दांतलं साल शुहूर सन: 'इहिदे सितैन मया व अलफ' म्हणजे 1, 60, 100, 1000, एकूण 1161. हे साल मृगापासून सुरू होतं, त्यामुळे इसवी सन काढायला डिसेंबरअखेरपर्यंत 599 मिळवायचे, जानेवारीपासून 600. पानिपत 14 जानेवारी 1761चं, म्हणून 600. 599 धरलेत तर पत्र लढाईच्या वर्षभर आधी जाईल आणि 'गर्दी' भलत्याच स्वारीची ठरेल.

बखरप्रेमी:
वाचायला सुरुवात 'विशेष' या शब्दापासून करा. त्याआधी मायना आणि कुशल असतं, बातमी त्यानंतर. आणि मजकुरात 'आवई' शब्द दिसला तर ती गर्दी झाली असं धरू नका; लिहिणाऱ्यानेच अफवा म्हणून कळवलेली असते.