मालक नको, पण संघ हवा: हे जमतं का?

नौपाडेकर
पुढच्या आठवड्यात मुलीला दहा वर्षं पूर्ण होतायत. तिला हवीय मँचेस्टर युनायटेड या फुटबॉल क्लबची लाल जर्सी, मागे ८ नंबर, ब्रुनो फर्नांडिसचा. काल मॉलमध्ये गेलो, तिच्या मापाची काढली, थोडा वेळ हातात धरली आणि परत हँगरला अडकवली. परवडत नाही असं नाही. हे पैसे शेवटी कोणाच्या खिशात जातात, तिथे मन अडलं.

मी या संघाचा १९९९ पासून. बार्सिलोनातली चॅम्पियन्स लीगची फायनल शेजाऱ्यांच्या केबलवर बघितली होती. बायर्न म्युनिक १-० ने पुढे, ९० मिनिटं संपलेली, आणि भरपाईच्या वेळेत आधी शेरिंगहॅमचा गोल, मग सोल्शायरचा. मध्यरात्र उलटून गेलेली, त्यामुळे ओरडताही येईना. उशीत तोंड खुपसून ओरडलो होतो.

मग २००५ ला ग्लेझर कुटुंबाने क्लब विकत घेतला. सुमारे ७९ कोटी पौंडांचा व्यवहार, बराचसा पैसा कर्जाचा, आणि त्या कर्जातला मोठा वाटा क्लबच्याच डोक्यावर. त्याआधी क्लबवर कर्ज नव्हतं. आमची इमारत सध्या रिडेव्हलपमेंटला आहे म्हणून त्याच भाषेत सांगतो: बिल्डरने कर्ज काढून तुमची इमारत ताब्यात घ्यावी आणि हप्ते तुमच्याच मेंटेनन्समधून कापून घ्यावेत, तसं हे. शिवाय वर्षानुवर्षं लाभांश घेतला तो वेगळाच.

प्रशिक्षक फर्ग्युसन २०१३ ला निवृत्त झाले, जाताना क्लबला विसावं लीग विजेतेपद देऊन गेले. एकविसावं अजून आलेलं नाही. मोयेसपासून अमोरिमपर्यंत सहा कायमचे प्रशिक्षक आले. २०२४-२५ ला वीस संघांत पंधरावे. त्याच मोसमात बिलबाओला युरोपा लीगची फायनल टॉटनहॅमकडून ०-१ हरलो. मे महिन्याची सुट्टी होती म्हणून लेकीला जागू दिलं. आई आत झोपलेली, टीव्हीचा आवाज बंद. रात्री अडीचला सामना संपला तेव्हा ही पोर काही न बोलता पायातले लाल मोजे काढून घड्या घालत बसली होती. मला काय बोलावं सुचेना.

तर माझं म्हणणं असं. निष्ठा क्लबशी, मालकाशी नाही. मी सामने बघत राहणार, पण क्लबच्या नावाने रुपया खर्च करणार नाही. तुम्हाला काय वाटतं?

नेरुळ पूर्व
मला अजिबात पटलं नाही. जर्सी घ्या.

आधी व्यवहाराचं बोलतो. जर्सी बनवणारी आदिदास क्लबला दरवर्षी ठरलेली रक्कम देते, हा करार २०३५ पर्यंतचा आहे. तुम्ही ठाण्यात एक जर्सी घेतली काय, न घेतली काय, मालकाला ते जाणवतही नाही. जाणवेल ते तुमच्या मुलीला. शाळेतली बाकीची पोरं जिंकणाऱ्या संघाच्या जर्सी घालून फिरतात, आणि ही पोर पंधरावा नंबर आलेल्या संघाची मागतेय. इतकी सच्ची मागणी मी तरी ऐकली नाही. तिला तुम्ही लंडन-मँचेस्टरचा ताळेबंद शिकवणार?

आणि दुसरं. संघ वर असतो तेव्हा गर्दी असतेच. मे २०२४ मध्ये आर्सेनलविरुद्धच्या सामन्यानंतर ओल्ड ट्रॅफर्डच्या, म्हणजे आपल्या मैदानाच्या, छपरातून धबधब्यासारखं पाणी पडत होतं, आठवतंय? त्या पाण्याखालीही लोक आलेच ना? घर गळायला लागलं म्हणून आपण आडनाव बदलत नाही.

कोपरखैरणे
दोघंही अर्धवट बोलताय.

नौपाडेकर, तुम्ही म्हणता बघणार पण पैसे देणार नाही. बघणं फुकट कुठे असतं? प्रीमियर लीग परदेशातल्या प्रक्षेपणाचे हक्क विकते, तो पैसा क्लबांत वाटला जातो. आशियातले प्रेक्षक हा त्या सौद्याचा आधार आहे. महिन्याला सबस्क्रिप्शन भरून रात्री साडेबाराला टीव्हीसमोर बसणारा माणूस हेच त्यांचं गिऱ्हाईक. तुम्ही जर्सीचे पैसे वाचवले आणि रिमोटने दिले.

बहिष्कार घालायचा तर पूर्ण घाला. २ मे २०२१ आठवा. सुपर लीगची, म्हणजे युरोपातल्या बड्या क्लबांच्या वेगळ्या लीगची, घोषणा १८ एप्रिलला झाली, लोक रस्त्यावर आले, दोन दिवसांत इंग्लंडचे सहाही क्लब मागे फिरले. तरी लोक थांबले नाहीत. २ मेला मैदानात घुसले आणि लिव्हरपूलविरुद्धचा सामना त्या दिवशी होऊ दिला नाही. मालकाला समजते ती भाषा ही: सामनाच नाही, प्रक्षेपणच नाही.

मी स्वतः दोन मोसमांपासून एकही सामना बघितलेला नाही. सोपं गेलं नाही. शनिवारी संध्याकाळी हात आपोआप रिमोटकडे जायचा, मग पामबीच रोडला चालायला जायचो.

नेरुळ पूर्व
@कोपरखैरणे, मग तुम्ही कशाचे चाहते उरलात? मनापासून विचारतोय.

कोपरखैरणे
@नेरुळ पूर्व, जो क्लब परत यावा असं वाटतं त्याचा. माहेरी भांडण आहे म्हणून मुलगी चार वर्षं जात नाही, याचा अर्थ ती माहेर विसरली असा होत नाही.

ऐरोलीकर काका
माझं वय पासष्ट. फुटबॉल फारसा कळत नाही, माझा जीव हॉकीत. पण तुमचा वाद वाचून राहवलं नाही.

हॉकी इंडिया लीग २०१३ ला सुरू झाली तेव्हा मुंबईचा संघ होता, मुंबई मॅजिशियन्स. जिंकण्यापेक्षा हरायचाच जास्त. पण आपल्या गावाचा संघ म्हणून मी जीव लावला. दोन मोसम खेळला आणि गेला. २०१५ ला दुसरे मालक, दुसरं नाव, दबंग मुंबई. म्हटलं ठीक आहे, मुंबई तर आहे. ऐरोलीहून ठाणे, ठाण्याहून दादर, दादरहून चर्चगेट असा प्रवास करून महिंद्रा स्टेडियमला जायचो, गुडघे तेव्हा साथ देत होते. संघ चांगला जमला, २०१७ ला फायनलला गेला, कलिंगा लान्सर्सकडून हरला. आणि मग लीगच बंद पडली. २०२४ च्या डिसेंबरात परत सुरू झाली तेव्हा पुरुषांचे आठ संघ होते. तमिळनाडू, हैदराबाद, दिल्ली, बंगाल, सगळे. मुंबई नव्हती.

ज्या शहराने एवढे ऑलिंपिक खेळाडू दिले, त्या शहराचा संघ नाही. माझ्या कपाटात अजून त्या वेळचा टी-शर्ट आहे. घालून कुठे जाऊ?

बाळांनो, तुमचा मालक वाईट असेल, पण भांडायला समोर कोणीतरी आहे आणि भांडण्याजोगी वस्तू जागेवर आहे. १८७८ पासून उभा असलेला क्लब आहे तो. आमचा संघ कोणी वाईट चालवला नाही, तो नुसता नाहीसा झाला. त्यापेक्षा पंधरावा नंबर परवडला. मुलीला जर्सी घ्या.

सानपाड्याची
काका, तुमचं वाचून पोटात तुटलं.

पण उलट बाजूचं एक उदाहरण देते, तेही हॉकीचंच, बर्फावरच्या. माझा भाऊ शिकागोत असतो. तिथल्या ब्लॅकहॉक्स संघाचे मालक होते बिल विर्ट्झ. ते घरच्या मैदानावरचे सामने स्थानिक टीव्हीवर दाखवूच देत नसत. म्हणायचे, ज्यांनी मोसमाची तिकिटं काढली त्यांच्यावर अन्याय होईल. चांगले खेळाडू निघून गेले, संघ घसरला, खुर्च्या रिकाम्या पडत गेल्या. २००७ च्या सप्टेंबरात ते वारले. नव्या मोसमात घरच्या पहिल्या सामन्याआधी त्यांच्यासाठी श्रद्धांजलीची शांतता पाळायची होती, तेव्हा लोकांनी हुर्यो उडवली. गेलेल्या माणसाशी असं वागणं मला बरोबर वाटत नाही. पण राग किती साठला असेल ते कळतं.

मुलाने, रॉकी विर्ट्झने, कारभार हातात घेतला आणि सामने टीव्हीवर दाखवायला सुरुवात केली. २०१० ला स्टॅनले कप, म्हणजे तिथल्या लीगचं विजेतेपद, आला, १९६१ नंतर पहिल्यांदा. आणि ती रिकामी स्टेडियम भरली कोणी? जे घरी बसले होते त्यांनीच. म्हणजे पैसे न देणारे लोक संघाला सोडून गेले नव्हते. नौपाडेकर, तुमचं बरोबर आहे असं माझं मत.

कोपरखैरणे
@सानपाड्याची, ताई, पण तिथे फरक पडला तो मालक गेल्यावर. आमच्याकडे तेही झालं. थोरले माल्कम ग्लेझर २०१४ ला वारले, क्लब मुलांकडे राहिला. २०२४ च्या फेब्रुवारीत ब्रिटिश उद्योगपती रॅटक्लिफ यांनी पाव हिस्सा घेतला, वाटलं आता सुधारेल. काय केलं? अडीचशे लोकांना नोकरीवरून काढलं आणि मोसम अर्ध्यावर असताना तिकीट ६६ पौंड केलं, लहान मुलांना आणि म्हाताऱ्यांना सवलत ठेवली नाही. तेव्हा तुमच्या मुलीचंही ६६ झालं असतं, काकांचंही ६६. वारस बदलून काही होत नाही. मालकीची रीतच बदलायला हवी. जर्मनीत मतांचा अर्ध्याहून जास्त वाटा क्लबच्या सभासदांकडे असावा लागतो, अपवाद अगदी थोडे. तिथे बाहेरून कोणी पैसेवाला येऊन असं सहजासहजी करू शकत नाही.

खारीगावची
मालकीची रीत म्हणालात म्हणून लिहिते. मी वीस वर्षं कबड्डी जवळून बघितली. आधी वडील संघात होते म्हणून, मग भाऊ.

आमच्या मंडळाच्या संघाला एका बिल्डरने हात दिला. नाव घेत नाही. मॅट आणून दिली, बूट दिले, मुलांना प्रवासखर्च दिला. सगळे खूश. दुसऱ्या वर्षी जर्सीवरून मंडळाचं नाव खाली गेलं, त्याच्या कंपनीचं वर आलं. तिसऱ्या वर्षी संघ कोणी निवडायचा हेही तोच ठरवायला लागला. आमचा चढाईपटू, भांडुपहून रोज लोकलने सरावाला येणारा, त्याला बाहेर बसवलं आणि बिल्डरच्या कोणा नातेवाइकाला खेळवलं. त्या सामन्यात आमच्यावर दोन लोण चढले. बाबा बाकावर बसून होते. दुसरा लोण चढला तेव्हा ते उठले, पंचांच्या टेबलामागून गेले आणि खेळाडूंच्या बाटल्या भरायला लागले. म्हणाले, हरतायत म्हणून पोरांना तहान लागणार नाही का?

तो मोसम संपल्यावर मंडळाची बैठक झाली. ओटीवर पंधरा-सोळा माणसं. मॅट परत द्यायची ठरलं. दुसऱ्या दिवशी टेम्पोत भरून दिली आणि संध्याकाळी शाळेच्या मैदानात फक्की मारून मातीत सराव सुरू झाला. पहिल्या वर्षी सगळीकडे पहिल्याच फेरीत हरलो. बघायला मात्र आधीपेक्षा जास्त माणसं यायची.

माझं म्हणणं कडक वाटेल, पण बोलते. निष्ठा म्हणजे आपल्याला तिथे उठून बाटल्या भरता आल्या पाहिजेत, बैठकीत हात वर करता आला पाहिजे. मँचेस्टरच्या माणसाला ते करता येतं. तुम्हाला येत नाही, म्हणून तुमची भांडणं जर्सी आणि रिमोटवर येऊन थांबतात. एवढा जीव आहे तुमच्यात, तो थोडा इकडेही लावा. आमच्या पोरांना बघायला माणूस नसतो.

नेरुळ पूर्व
@खारीगावची, ताई, बाबांना नमस्कार सांगा.

पण लांबून केलेलं प्रेम खोटं, हे मी मानणार नाही. पंढरपूरला ज्याला कधी जाता आलं नाही त्याची एकादशी खोटी ठरते का? २००८ ची मॉस्कोची चॅम्पियन्स लीग फायनल मी नेरुळला बघितली. पेनल्टी चालू होत्या, चेल्सीचा टेरी घसरला, पहाटेचे तीन वाजत आलेले, आणि समोरच्या बिल्डिंगमध्ये तीन खिडक्यांत उजेड होता. तिन्ही घरं अनोळखी. आज त्यातल्या एका घरातला माणूस माझ्या मुलाचा मामा आहे, म्हणजे त्याच्या बहिणीशी माझं लग्न झालं. या क्लबने मला माझं घर दिलंय. आणि तुम्ही म्हणता मला हात वर करायचा हक्क नाही.

खारीगावची
@नेरुळ पूर्व, प्रेम खोटं आहे असं मी म्हटलंच नाही. हक्क नाही असंही नाही. सोय नाही, एवढंच म्हटलं. सोय असती तर तुम्ही केव्हाच उठला असतात, हे तुमच्या लिहिण्यावरून दिसतं.

नौपाडेकर
सगळ्यांचं दोनदोनदा वाचलं.

खारीगावच्या ताईंनी जे केलं ते मँचेस्टरमध्येही झालं. २००५ लाच काही चाहते बाहेर पडले, एफसी युनायटेड नावाचा स्वतःचा क्लब काढला, एका सभासदाला एक मत. खालच्या पायरीवरून सुरुवात केली आणि २०१५ ला स्वतःचं मैदान उभं केलं. जे राहिले आणि जे गेले, त्यांच्यात कित्येक जुन्या मैत्र्या तुटल्या. दोन्हीकडची माणसं खरी होती. मी त्या वेळी मँचेस्टरला असतो तर कुठे असतो, हे मला आजही ठरवता येत नाही.

@कोपरखैरणे, रिमोटचं तुमचं बोलणं लागलं. उत्तर नाही माझ्याकडे. पण लेक शेजारी बसलेली असताना टीव्ही बंद करायचं मला जमणार नाही.

जर्सीचं असं झालं. २०१० ला चाहत्यांनी ग्लेझरविरोधात हिरवे-सोनेरी मफलर घालायला सुरुवात केली होती. क्लब मुळात न्यूटन हीथ, रेल्वे कामगारांचा संघ, त्याचे ते जुने रंग. आपला जुना खेळाडू बेकहॅम मिलानकडून ओल्ड ट्रॅफर्डला खेळायला आला तेव्हा सामना संपल्यावर त्यानेही तो मफलर गळ्यात घातला होता. माझे आजोबा परळच्या रेल्वे वर्कशॉपला होते, त्यामुळे हे रंग मला तेव्हापासून जवळचे. परवा जांभळी नाक्यावरून हिरवी आणि पिवळी लोकर आणली. आईने विणायला घेतलाय. लेकीला सगळी गोष्ट सांगितली, कर्जाची, रेल्वेची, मफलरची. तिने नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "यावर ८ नंबर कुठे येणार?" आई आता चौकटीच्या वहीवर टाके मोजतेय, आठचा आकडा बसवायला.

लाल जर्सीचा हट्ट तिने सोडलेला नाही. वाढदिवसाला अजून चार दिवस आहेत.

@खारीगावची, रविवारी संध्याकाळी सामना असेल तर कळवा, तिला घेऊन येतो.

खारीगावची
रविवारी सहाला. या. पाण्याच्या बाटल्या भरायला माणूस लागतोच.

कोपरखैरणे
माझं मत बदललेलं नाही. जर्सी नको, टीव्हीही नको. मफलर मात्र झाला की फोटो टाका.

ऐरोलीकर काका
जर्सी घ्या हो.