शिडाच्या ओडमी मोडीत काढा म्हणणाऱ्यांना उत्तर

चोपडेकर:
काल इथे एकाने लिहिलं, "लक्षद्वीपच्या शिडाच्या ओडमी, म्हणजे त्या लाकडी मालवाहू नावा, संग्रहालयात ठेवा. बेटांचा व्यापार इंजिनानेच व्हावा, वाऱ्यावर कोण विसंबतं?" वाचून डोकं फिरलं. बेटावर डिझेल येतं कुठून? तेही जहाजानेच! ओडमीत भरून मंगळूर-कोझिकोडला जायचं काय, तर काथ्या आणि खोबरं. लक्षद्वीपच्याच मिनिकॉय बेटाहून सुकवलेला ट्यूना मासा. येताना तांदूळ. यातलं काय चार दिवस उशिरा पोचलं म्हणून नासतं? आणि जुनी बांधणी बघा. फळ्यांच्या कडेला ओळीने भोकं पाडायची, काथ्याच्या दोरीने फळीला फळी शिवायची, वरून शार्कच्या यकृताचं तेल चोपडायचं. दोरी झिजली तर नवी दोरी बेटावरच्याच नारळाची. मार्शल बेटांसाठी 2024 मध्ये शिडाचं नवं मालवाहू जहाज आलं, ते काय हौसेखातर?

रावेरचा केळीवाला:
काल लिहिणारा मीच. भाऊ, ओडमीला पावसाळ्यात समुद्र बंद, हे का नाही सांगितलं? मेच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत माणसांनी खायचं काय? उशीर म्हणजे काय ते मला विचारा. केळीचा कंटेनर 13-14 अंशांवर ठेवावा लागतो. बंदरावर माझ्या कंटेनरची वीज तुटली, माल आतल्या आत पिकला, आणि जबाबदारी घ्यायला कोणी पुढे आलं नाही. 2016 मध्ये जळगावच्या केळीला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं, पण बांधावर व्यापारी अजून मनाला येईल तो भाव लावतो. त्यावर काढा ना धागा!

चोपडेकर:
मी खोबऱ्याबद्दल बोललो, केळी तुम्ही आणली. पावसाळ्याचं म्हणाल तर केरळातल्या बेपूर बंदरातून बेटांवर माल नेणाऱ्या इंजिनाच्या लाकडी बोटींनाही त्या महिन्यांत बंदीच असते. इंजिन लावलं म्हणून समुद्र शांत होत नाही.

धडगावची शिक्षिका:
बेटं म्हटली की तुम्हाला लक्षद्वीपच दिसतं. आपल्या नंदुरबारात काय चालू आहे? सरदार सरोवराचं पाणी 138.68 मीटरपर्यंत चढतं. महाराष्ट्रातली 33 गावं बाधित झाली, कित्येक टेकड्यांचे टापू झाले. रेशन होडीने, मोहफुलं बाजाराला होडीने, बाळंतीण होडीने. आमच्या शाळेतलं एक लेकरू तापाने फणफणलं होतं. होडीवाला म्हणाला, डिझेल संपलं. बापाने आणि मी वल्हवत काठ गाठला. मला सांगा, इथे काय करायचं?

शहाद्याचा मेकॅनिक:
मॅडम, शीड लावा ना! पाणी अथांग आहे तिथे.

धडगावची शिक्षिका:
दादा, कधी आलात तिकडे? दोन्ही बाजूंना डोंगर, वारा घडीत इकडून घडीत तिकडून. पाण्यात बुडालेल्या झाडांचे शेंडे वर आलेले. शीड उभारलं तर होडी त्यांच्यावरच जाऊन आदळेल. काठावर डिझेलचा साठा आणि इंजिन दुरुस्त करणारा माणूस, एवढंच मागतो आम्ही.

शहाद्याचा मेकॅनिक:
मी हातपंपापासून ट्रॅक्टरपर्यंत सगळं दुरुस्त करतो, मला शिकवू नका. माणूस द्या म्हणता, पगार कोण देणार? आम्हाला सरकारी कामाची बिलं वर्ष-वर्ष मिळत नाहीत.

धडगावची शिक्षिका:
तुमच्या बिलासाठी आमची लेकरं थांबणार का?

धुळेकर:
भांडू नका. त्यापेक्षा तापीतून सुरतेपर्यंत होड्या सुरू करा, पूर्वी खानदेशचा माल तसाच जायचा.

रावेरचा केळीवाला:
कुठे जायचा? वरच्या अंगाला तापीत खडक आणि उन्हाळ्यात गुडघाभर पाणी. माल बैलगाड्यांनी उतरायचा. आता मध्ये उकाईचं धरण. नकाशा तरी बघा!

शहाद्याचा मेकॅनिक:
चोपडेकर, तुमचंही अर्धंच खरं. इंडोनेशियाच्या पिनिसी घ्या, तिथली शिडाची लाकडी मालवाहू जहाजं. 1970 च्या दशकापासून त्यांना इंजिनं बसत गेली, शीड नावापुरतं उरलं. 2017 मध्ये युनेस्कोने गौरव केला तो बांधायच्या कलेचा. व्यापाऱ्याने इंजिनच निवडलं.

चोपडेकर:
निवडलं, कारण तेव्हा डिझेल परवडत होतं. दोन्ही ठेवा म्हणतो मी: वारा असेल तेव्हा शीड, नसेल तेव्हा इंजिन. शीड शिवणारा आणि वारा ओळखणारा तांडेल, म्हणजे नाव हाकणारा, एकदा संपला की पैसे मोजूनही मिळणार नाही.

रावेरचा केळीवाला:
बरं, खोबऱ्यापुरतं मान्य. त्यापुढे एक इंचही नाही. आणि मॅडमच्या प्रश्नाचं उत्तर कोणीच दिलेलं नाही.

धडगावची शिक्षिका:
देणारही नाही. उद्या रेशनचा दिवस आहे, होडीत डिझेल आहे का ते विचारायला चालले.