‘वतन’ म्हणजे मायभूमी की पाटीलकी?

प्रश्न :

हिंदी-उर्दूत ‘वतन’ म्हणजे मायदेश. देशभक्तीच्या गाण्यांत आणि घोषणांत तो याच अर्थाने येतो. मराठीत मात्र ‘वतनदार’ म्हटले की पाटील, देशमुख, कुलकर्णी डोळ्यांपुढे उभे राहतात आणि ‘वतन’ म्हणजे जमीन, मान, हक्क असे काहीतरी आहे असे वाटते. मूळ अरबी शब्दाचा हा अपभ्रंश समजावा, की या दोन अर्थांचा एकमेकांशी काही संबंध आहे?

प्रतिसाद :

अपभ्रंश म्हणता येणार नाही. अरबीत या शब्दाचा अर्थ राहण्याचे ठिकाण, मूळ गाव असा आहे, आणि दख्खनी सुलतानांच्या काळात तो मराठीत रुजला तेव्हा हा अर्थ सुटला नव्हता. ज्याचे गावाशी किंवा परगण्याशी पिढ्यानपिढ्यांचे नाते आहे आणि त्या नात्यामुळे ज्याला तिथल्या उत्पन्नात ठरलेला वाटा मिळतो, तो वतनदार. पाटील गावाचा मुख्य, कुलकर्णी दप्तर सांभाळणारा, देशमुख आणि देशपांडे परगण्याचे, शेटे-महाजन पेठेचे. प्रत्येकाचे काम ठरलेले आणि त्या कामाबद्दलची इनाम जमीन, धान्यातला हक्क व मानपानही ठरलेले. सनदांतून ‘अवलाद अफलाद’ किंवा ‘लेकराचे लेकरी’ असे शब्द येतात, ते हे सगळे वंशपरंपरेने चालावे यासाठी. पगारी नोकराची बदली होते, त्याला काढूनही टाकता येते. राजवट बदलली तरी वतनदार सहसा जागचा हलत नसे. त्यामुळे ‘मूळ ठिकाण’ आणि ‘त्या ठिकाणावरचा हक्क’ हे दोन अर्थ त्या व्यवस्थेत वेगळे काढण्याची कोणाला गरजच पडली नाही.

हा हक्क मालमत्तेसारखा वागवला जाई. वतन विकता येई, त्याची वाटणी होई, त्यातूनच ‘निम्मी पाटीलकी’ हा शब्दप्रयोग आला. वाटणीच्या कागदांत होळीची पोळी कोणी आधी लावायची, पोळ्याला कोणाचे बैल पुढे असायचे, असल्या बाबी जमिनीच्या बरोबरीने नोंदलेल्या असतात. आज त्या वाचताना हसू येते, परंतु वतनाच्या तंट्यात गोतसभा, म्हणजे गोतातल्या व गावातल्या लोकांची न्यायसभा बसे आणि महजर, म्हणजे निवाड्याचा कागद होई, तो निव्वळ पैशासाठी नव्हे. उत्तरेत बादशाही दरबाराची सूत्रे हाती असतानाही महादजी शिंदे स्वतःला पाटील म्हणवून घेत, यावरून या शब्दाला केवढे वजन होते ते कळते.

वतन सोडणे किती जड होते याचे उदाहरण जेधे करीन्यात, म्हणजे जेधे घराण्याच्या जुन्या हकिकतीत आहे. १६५९ मध्ये अफझलखान चालून आला, तेव्हा आदिलशाहीकडून मावळातल्या देशमुखांना खानाला मिळण्याची फर्माने गेली. खंडोजी खोपडे तिकडे गेले. कान्होजी जेधे मात्र मुलांसह शिवाजी महाराजांकडे आले आणि त्यांनी वतनावर पाणी सोडले. दान देताना हातावर पाणी सोडण्याचा जो विधी आहे, त्यावरूनच हा वाक्प्रचार आला आहे. एरवी आपण तो आशेवर किंवा पैशावर पाणी सोडण्यासाठी सहज वापरतो.

राज्यकर्त्यांना वतनदार हवेही होते आणि नकोही होते. शिवाजी महाराजांनी देशमुखांचे वाडे आणि कोट पाडून त्यांचे हक्क बांधून दिल्याचे सभासदाच्या बखरीत आहे. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात तर यांना केवळ वतनदार म्हणणे ही बोलण्याची रीत झाली, वस्तुतः हे छोटे पण स्वतंत्र देशनायकच आहेत, असा इशारा दिला आहे. त्यांना दुखवू नये आणि मोकळेही सोडू नये, असा त्या प्रकरणाचा एकूण रोख आहे. असा इशारा देण्याची वेळ का आली हेही उघड आहे. राजाराम महाराजांच्या काळात मोगल आणि मराठे दोघेही सरदारांना वतनांची आमिषे दाखवून आपल्याकडे ओढत होते.

पुरवणी प्रश्न :

मग ‘मिरास’ आणि ‘वतन’ एकच का? आणि बलुतेदारांकडेही वतन होते असे म्हणतात, ते याच अर्थाने?

प्रतिसाद :

पहिल्याचे उत्तर थोडक्यात देता येते. मिरास हा मुख्यतः जमीन कसण्याचा वंशपरंपरागत हक्क, आणि म्हणून मिरासदाराच्या उलट ‘उपरी’, म्हणजे असा वंशपरंपरेचा हक्क नसलेला कसणारा. वतनाला कामाची जोड असते. कागदपत्रांत हे शब्द एकमेकांच्या जागी आलेले दिसतात, परंतु कोशात ते वेगळे ठेवावेत.

दुसरा प्रश्न अधिक अवघड आहे. सुतार, लोहार, न्हावी, परीट, महार यांचेही वतनच होते आणि शब्दही तोच होता. महारांचे बावन्न हक्क बेदरच्या बादशहाने दिले अशी परंपरा सांगतात. तरीही पाटलाचे वतन आणि महाराचे वतन यांत कामाचे ओझे आणि मोबदला यांचे प्रमाण नेमके उलटे होते. इंग्रजी अमलात १८७४ च्या मुंबई इलाख्याच्या वतन कायद्याने ही जुनी व्यवस्था कलमांत बसवली आणि सरकारी कामाचा बोजा महारांना कामाबद्दल मिळालेल्या त्याच हाडकी-हाडोळ्याच्या तुटपुंज्या जमिनींवर व गावाने द्यायच्या बलुत्यावर ठेवला. कामाला वेळेचे बंधन नाही, हुकूम कोणत्याही सरकारी खात्याचा असो, आणि नेमलेला माणूस हजर नसेल तर त्याच्या घरातल्या दुसऱ्याने राबायचे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात या कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले, त्यामागे हीच तक्रार होती. विधेयक संमत झाले नाही. त्यांनी महारांना हे वतन सोडण्यास सांगितले, तेव्हा अनेकांना ते पटले नाही, कारण कितीही लहान असली तरी ती जमीन होती आणि गावातल्या हक्काची खूण होती.

कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी १९१८ मध्येच महार वतने खालसा करून त्या जमिनी रयतावा, म्हणजे सारा भरणाऱ्या सामान्य रयतेच्या जमिनींसारख्या केल्या आणि कुलकर्णी वतनांच्या जागी पगारी तलाठी नेमले. मुंबई राज्यात परगणा व कुलकर्णी वतने नष्ट करणारा कायदा १९५० चा, कनिष्ठ गाववतनांचा १९५८ चा, आणि महाराष्ट्रात मुलकी पाटलाचे पद संपवणारा १९६२ चा. कायद्याच्या नावातला ‘कनिष्ठ’ हा शब्द लक्षात घ्यावा. वतन संपवतानाही त्याची उतरंड शिल्लक राहिली. परगण्याची आणि कुलकर्ण्यांची वतने आधी गेली, खालच्यांची वेठ नंतर सुटली आणि पाटलाचे पद सगळ्यांत शेवटी गेले, हा क्रमही मला बोलका वाटतो.

महसुली भाषेत हा शब्द अजून जिवंत आहे. ‘महार वतनाची जमीन’ म्हटले की नवीन शर्त (हस्तांतरणावरचे बंधन), रिग्रँट (जमीन पुन्हा बहाल करणे), विक्रीसाठी जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी हे शब्द पाठोपाठ येतात आणि सातबाऱ्यावर भोगवटादार वर्ग २ लिहिलेले असते. आडनावांत देशमुख, चौगुले, नाडकर्णी ही पदे राहिली आहेत, परंतु ती उच्चारताना कामाची आठवण कोणाला होत नाही.

राजकारणात ‘अमक्या घराण्याने मतदारसंघाचे वतन केले’ असे जे लिहिले जाते, त्याबद्दल माझा एक आक्षेप आहे. त्यात वतनाची अर्धीच बाजू येते, म्हणजे वंशपरंपरा आणि हक्क. जुन्या अर्थातले काम, गोताचा न्याय आणि खालच्या वतनदाराची वेठ यांतले काहीच त्यात उतरत नाही. म्हणून कोशात नोंद करायची झाल्यास क्रम असा असावा असे सुचवतो : वंशपरंपरागत काम व त्याबद्दलचा हक्क, त्या हक्काची जमीन, लक्षणेने, वारशाने बळकावलेली सत्ता, आणि शेवटी, हिंदी-उर्दूच्या वळणाने येणारा मायदेश.