मदत हवी आहे: इंग्लंडमधील घरखरेदीच्या साखळीत कम्प्लीशन (पैसे चुकते करून ताबा घेणे) रखडले आहे

आम्ही लेस्टरमधील राहते घर विकून नॉटिंगहॅमला दुसरे घेत आहोत. एकमेकांवर अवलंबून असलेल्या या व्यवहारांच्या साखळीत आमच्या खाली दोन खरेदीदार आहेत आणि वर एक विक्रेते. करारांची देवाणघेवाण झाल्यामुळे सर्वजण कायद्याने बांधील आहेत. तरीही ठरलेल्या दिवशी सर्वांत खालच्या खरेदीदाराच्या कर्जाची रक्कम न आल्याने आमच्या खरेदीदाराला, आणि पर्यायाने आम्हालाही, पैसे चुकते करता आले नाहीत. सामान ट्रकमध्ये चढवून झाल्यावर हे कळले, त्यामुळे ते गोदामात ठेवावे लागले.

वरच्या विक्रेत्यांनी आम्हाला 10 कामकाजाच्या दिवसांची ‘नोटीस टू कम्प्लीट’ (या मुदतीत व्यवहार पूर्ण करा, नाहीतर करार रद्द होऊ शकतो, अशी सूचना) बजावली असून आमच्या सॉलिसिटरनेही (वकिलानेही) तशीच नोटीस आमच्या खरेदीदाराला बजावली आहे. खरी चिंता डिपॉझिटची आहे. खरेदीदाराकडून मिळालेले डिपॉझिट, स्टँडर्ड कंडिशन्समध्ये (घरविक्री कराराच्या प्रमाण अटींमध्ये) मुभा असल्यामुळे, आम्ही वरच्या खरेदीसाठीच वापरले आहे. म्हणजे खालचा करार मोडला तर वर भरलेले 10 टक्के जप्त होण्याचा धोका आम्हालाच आहे. बँकेकडे कर्जमंजुरीची मुदत वाढवून मागितली आहे, परंतु लेखी उत्तर नाही. ब्रिजिंग लोनची (मधल्या काळापुरत्या तात्पुरत्या कर्जाची) चौकशी केली, त्याचे व्याज आम्हाला पेलणारे नाही. एस्टेट एजंटकडून केवळ आश्वासने मिळतात. खटला लांबवण्याइतकी ऐपत नाही आणि वरचे घर आम्हाला गमवायचे नाही.

अशा स्थितीत वरच्या विक्रेत्यांकडून लेखी मुदतवाढ कोणत्या अटींवर मिळाली, आणि त्या विक्रेत्यांना द्यावे लागलेले व्याज व स्वतःचे गोदामभाडे आपल्या खरेदीदाराकडून वसूल करताना कोणते पुरावे ग्राह्य धरले गेले, हे अनुभवी मंडळी सांगू शकतील का?